शत्रूच्या घरात किल्ल्या कुणाच्या कमरेला असतात?

तू ताई म्हणून लिहिलंयस म्हणून मीही तुला अरे-तुरेच करते, चालेल ना. आधी प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू तीन भागांची फँटसी लिहितोयस, एकीकडे सातकडा नावाचं डोंगरी राज्य, ते आपलं, आणि दुसरीकडे खारदेश, समुद्रकाठचं श्रीमंत साम्राज्य, ते शत्रू. पहिला भाग दोघातिघांना वाचायला दिलास, त्यातली एक मैत्रीण म्हणाली की खारदेशातल्या सगळ्या बायका एकतर नाचतात नाहीतर रडतात नाहीतर विष कालवतात, याशिवाय चौथं काम त्यांना नाहीच. तुला ते लागलं. मग तू मला विचारलंस की शत्रू वाईट दाखवायचाच नाही का, तिथे बायकांवर जुलूम होतो असं दाखवलं तर त्यात स्टिरिओटाइप काय, आणि एक तलवारबाज खारदेशी बाई टाकली तर भागेल का.

तिसऱ्याचं उत्तर नाही. पहिल्या दोनांचं उत्तर लांब आहे, चहा घेऊन बस.

मी वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या कादंबऱ्या दुरुस्त करतेय, त्यात अद्भुत, ऐतिहासिक आणि या दोन्हींच्या मधलं काहीतरी असं भरपूर येतं. शत्रूच्या मुलखात गोष्ट शिरली की पहिल्या दोन पानांत तिथली बाई दिसते, आणि ती कशी दिसते त्यावरून मला बहुतेक वेळा पुढची तीनशे पानं कळतात. कारण लेखक तिथे खारदेश दाखवतच नसतो, खारदेशच्या बायकांच्या अंगावर टेप लावून आपली उंची मोजत असतो. आमच्याकडे बघा बायका कशा आणि यांच्याकडे कशा. ती बाई पात्र नसते रे, मोजपट्टी असते.

हे काही आजचं नाही, आणि फक्त गोऱ्या लोकांचंही नाही. नवनाथ भक्तिसार आठव, तुझ्या आजीकडे पारायण होत असेल तर ऐकलंच असशील, चाळीस अध्याय, शके १७४१ म्हणजे १८१९ मधली पोथी. त्यात मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात जाऊन अडकतात. पुरुष तिथे टिकत नाहीत, मारुतीच्या भुभुःकारानेच बायकांना गर्भ राहतो वगैरे. मग गोरख येतो, कलिंगा नायकिणीच्या ताफ्यात शिरून मृदंग वाजवतो आणि त्यातून 'चलो मच्छिंदर गोरख आया' ऐकू येतं. कथा म्हणून काय बहार आहे! पण आता संपादकाच्या चष्म्यातून विचार की त्या राज्यात शेत कोण कसतं, विहीर कोण खणतं, भांडण झालं तर निवाडा कोण देतं. पोथीला यात काडीचा रस नाही. पोथीला एकच गोष्ट हवीये, गुरू मायेत अडकला आणि शिष्याने सोडवला, आणि माया दाखवायला एक अख्खं राज्य बायकांनी भरून टाकलंय. प्रभातने १९३२ मध्ये यावर 'माया मच्छिंद्र' काढला, त्यात दुर्गाबाई खोटे राणी आणि जवळ चित्ता. चित्ता बघितला की कळतं, हे राज्य म्हणजे धोका आणि मोह एकाच पिंजऱ्यात. पोथी आहे, तिच्याकडून कादंबरीचं काम मागायचं नसतं, पण तू कादंबरी लिहितोयस, तुला ही सूट नाही.

ग्रीकांकडेही हेच. हेरोडोटस, इसवीसनापूर्वी पाचव्या शतकातला इतिहासकार, इजिप्तबद्दल सांगताना म्हणतो की तिथे सगळं उलटं, बायका बाजारात जाऊन व्यापार करतात आणि पुरुष घरी बसून विणतात, बाप्ये डोक्यावर ओझं घेतात आणि बायका खांद्यावर, इतकंच काय बायका उभ्याने लघवी करतात आणि पुरुष बसून. म्हणजे परका देश दाखवायची सर्वात स्वस्त ट्रिक काय तर स्त्री-पुरुषांची कामं उलटी करा, वाचक लगेच म्हणणार, अरे बापरे, हे आपल्यातले नव्हेत. पुढची अडीच हजार वर्षं लोक तेच करतायत, फक्त इजिप्तच्या जागी ग्रह किंवा बेट येतं.

पण मला जे सर्वात आवडतं ते उदाहरण आपल्या घरातलं आहे, आणि ते तुला जरा सविस्तर सांगणार आहे कारण त्यात रोगही आहे आणि औषधही. महाभारतातलं कर्णपर्व. सतरावा दिवस. कर्ण सेनापती, आणि त्याचा सारथी शल्य, मद्र देशाचा राजा, नकुल-सहदेवाचा सख्खा मामा, जो पांडवांकडे जायला निघाला होता आणि वाटेत दुर्योधनाच्या पाहुणचारात अडकून कौरवांकडून लढतोय. शल्य कर्णाला टोचून टोचून बोलतो. मग कर्ण चिडतो, आणि चिडल्यावर कशावर घसरतो? शल्याच्या युद्धकौशल्यावर नाही. मद्र आणि वाहीक देशच्या, म्हणजे पंजाबाकडच्या, बायकांवर. त्या दारू पितात, कपडे सोडून नाचतात, लसूण खातात, मोठ्याने हसतात, कुणाबरोबरही जातात, असं पानंच्या पानं. आणि हे याला कुठून कळलं? म्हणे धृतराष्ट्राच्या सभेत एक म्हातारा ब्राह्मण सांगत होता. म्हणजे ऐकीव! व्हॉट्सॲप फॉरवर्ड समज. शत्रूच्या बायकांबद्दलची माहिती ही कायम कुणीतरी कुणाला तरी सभेत सांगितलेली असते.

आता मजा बघ. याच शिव्यांच्या मधोमध एक गाणं येऊन जातं. कुरुजांगलात, म्हणजे कुरूंच्या मुलखात, अडकलेला एक वाहीक माणूस घरच्या बाईची आठवण काढतो, ती उंच, गोरी, मऊ कांबळं पांघरून निजताना माझीच आठवण काढत असेल, शतद्रू आणि इरावती ओलांडून मी कधी घरी पोचेन, असं काहीसं. म्हणजे सतलज आणि रावी. सांगणाऱ्याने ते हिणवायलाच सांगितलंय, पण ऐकणाऱ्याला त्या माणसाचीच कीव येते, कर्णाचं काम बिघडतं. मला तर वाटतं व्यासांनी मुद्दाम ठेवलंय, पण ते माझं मत.

आणि शल्य गप्प बसत नाही. तो म्हणतो, तू ज्या अंगदेशाचा राजा म्हणवतोस तिथे आजाऱ्यांना टाकून देतात आणि बायकापोरं विकतात. आणि मग, हे महत्त्वाचं, तो म्हणतो की सगळीकडे ब्राह्मण आहेत, क्षत्रिय आहेत, वैश्य-शूद्र आहेत, सगळीकडे साध्वी बायका आहेत, एका देशात राहणारे सगळेच पापी असं नसतं. ज्याच्या मुलखाला शिव्या दिल्या त्याला उत्तर द्यायला मिळालं बघ. तुझ्या पहिल्या भागात खारदेशचा एकही माणूस असं उत्तर देत नाही, कारण तू त्याला तोंडच दिलेलं नाहीस.

अजून एक. हाच मद्र देश आदिपर्वात येतो तेव्हा भीष्म माद्रीला मागणी घालायला जातो. तिथे शल्य संकोचत सांगतो की आमच्या कुळात मुलीचं शुल्क घ्यायची रीत आहे. कुरूंच्या दृष्टीने ही काही फार मानाची गोष्ट नाही. पण भीष्म नाक मुरडत नाही, तुमच्या पूर्वजांची रीत आहे ना, मग त्यात दोष नाही म्हणतो, सोनं-रत्नं-हत्ती-घोडे मोजून देतो आणि नवरी घेऊन येतो. तोच देश, त्याच बायका. सोयरीक करायची असते तेव्हा त्यांची रीत ही रीत असते आणि रथावर भांडण झालं की तीच रीत बाहेरख्यालीपणा होते. तुझ्या कादंबरीत ही दोन्ही दृश्यं ठेवता आली तर अर्धं काम झालं, कारण मग वाचकाला कळतं की नजर बदलली, बायका त्याच आहेत.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, जुलूम दाखवला तर काय चुकलं. काहीच नाही चुकलं, जुलूम खरा असतो. पण तो कोण दाखवतंय आणि कशासाठी ते बघ. जेम्स मिल या ब्रिटिश लेखकाने १८१७ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास लिहिला, स्वतः एकदाही इथे न येता, आणि त्यात सिद्धांत असा की समाज रानटी असला की बायकांची अवस्था वाईट आणि सुधारलेला असला की चांगली, आणि त्या पट्टीवर आपण कुठे बसलो ते तुला सांगायला नको. गंमत अशी की त्याच वेळी विलायतेत लग्न झालेल्या बाईची मिळकत कायद्याने नवऱ्याच्या हातात जायची. ते मोजायला त्याने पट्टी काढली नाही. गायत्री स्पिवाक या अभ्यासक बाईने यावर एक वाक्य लिहून ठेवलंय, त्याचा भावार्थ असा की गोरे पुरुष सावळ्या बायकांना सावळ्या पुरुषांपासून वाचवतायत. फँटसीचा अर्धा प्लॉट या एका वाक्यात आहे, फक्त गोरे-सावळ्याच्या जागी डोंगरी-खारदेशी घाल.

सी. एस. लुईसचं 'द हॉर्स अँड हिज बॉय' वाचलंयस का, १९५४ चं. नार्निया हा त्याचा काल्पनिक देश, त्याच्या दक्षिणेला कॅलोर्मेन नावाचं साम्राज्य, वाळवंट, फेटे, वाकड्या तलवारी, सामान कुठलं ते ओळखीचं. तिथली अराविस ही सरदाराची मुलगी, तिचं लग्न म्हाताऱ्या अहोष्टाशी ठरतं म्हणून ती घोडीवरून पळते. मला अराविस फार आवडते, खरं सांगते, ताठ, गर्विष्ठ, गोष्ट सांगायला लागली की दरबारी थाटात सांगते, कारण त्या देशात गोष्ट सांगणं शिकवलं जातं. शत्रूच्या संस्कृतीला लुईसने दिलेली ही एक खरी देणगी. पण तिची मैत्रीण लासरालीन बघ. कपडे, मेजवान्या, गप्पा, डोक्यात दुसरं काही नाही. म्हणजे त्या देशात बाईला दोनच वाटा, मूर्ख होऊन रहा नाहीतर पळून आमच्याकडे या. चांगली मुलगी कोणती तर जी आपलं घर सोडते. राहून भांडणारी, राहून थोडं जिंकणारी, राहून आईशी न पटणारी पण आईवर जीव असणारी, ही तिसरी मुलगी लिहिलेलीच नाही. आणि गंमत, दोन वर्षांनी 'द लास्ट बॅटल' मध्ये नार्नियाची स्वतःची सुझान गोष्टीतून बाहेर फेकली जाते, कारण तिला लिपस्टिक, नायलॉन आणि पार्ट्यांची आमंत्रणं आवडायला लागली. म्हणजे दोष लासरालीनमध्ये नव्हताच, नटणारी बाई लेखकाला खपत नव्हती, आणि परका देश हे तिला ठेवायचं सोयीचं कपाट होतं. तू खारदेशच्या बायकांना जे नाक मुरडतोयस त्यातलं किती खारदेशाबद्दल आहे आणि किती सरळ बायकांबद्दल, हे एकदा दार लावून स्वतःला विचार. मी वाईट बोलत नाहीये, सगळ्यांचंच होतं.

दुसरा प्रकार याच्या उलटा, तो तू दुसऱ्या भागात करणार आहेस असं तुझ्या आराखड्यावरून दिसतंय, म्हणून आधीच सांगते. खारदेशपलीकडचं ते बेट जिथे बायकांचं राज्य आहे आणि पुरुष जोडे पुसतात. हे ड्राउ आहेत. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात १९७८ साली गॅरी गायगॅक्सने हे काळ्या कातडीचे, जमिनीखाली राहणारे एल्फ आणले, कोळ्याच्या रूपातली देवी लोल्थ, आणि पुढे त्यांचा समाज म्हणजे पुजारणींचं क्रूर राज्य अशी मांडणी पक्की झाली. आणि त्यातून साल्व्हाटोरे या कादंबरीकाराने जो लाडका नायक काढला, ड्रिझ्ट, तो कोण? पुरुष. बायकांच्या राज्यातून पळालेला एकटा शहाणा पुरुष. बाईचं राज्य, काळी कातडी आणि दुष्टपणा हे तिन्ही एका दोरीत ओवलेलं इतकी वर्षं कुणाला खटकलं नाही, शेवटी २०२० मध्ये कंपनीनेच सांगितलं की ड्राउ आणि ऑर्क यांचं चित्रण आम्ही बदलतोय.

आणि मुळात मातृवंशीय, मातृ-काही म्हणजे बायकांचं राज्य हे गणितच चूक आहे. मेघालयातल्या खासी लोकांत घर धाकट्या मुलीकडे जातं, पण निर्णयात मामाचा शब्द मोठा. केरळात नायरांच्या जुन्या तरवाडात, म्हणजे एकत्र घरात, वंश आईकडून चालायचा, कारभार मात्र कारणवराचा असायचा, म्हणजे पुन्हा घरातला वडीलधारा पुरुष. एकाच घरात मालकी एकीकडे, अधिकार दुसरीकडे, नाव तिसरीकडे, आणि रोजची भांडणं या फटींमधून. कादंबरीला लागतं ते हे. राणीने पुरुषाला लाथ मारली यात गोष्ट नाही, बहिणीच्या घरात राहणारा मामा आणि घराची मालकीण असलेली धाकटी भाची यांच्यात चार वर्षं बोलणं नाही, यात आहे.

पुरुषांबद्दल एवढंच की शत्रूचा पुरुष दोनच साच्यांतून निघतो, एकतर रांगडा बलात्कारी नाहीतर अत्तर लावणारा नाजूक. मेकॉलेने बंगाल्यांना दुसऱ्या साच्यात घातलं होतं. तू एकाच खारदेशात दोन्ही साचे वापरलेस, सैन्य पहिलं आणि दरबार दुसरा. काहीतरी एक ठरव बाबा.

तलवारबाज बाई का नको ते सांगते. म्हणजे असू दे, पण तिने भागत नाही. सालामिसच्या लढाईत इ.स.पूर्व ४८० मध्ये इराणी बाजूने आर्टेमिसिया नावाची राणी स्वतःची गलबतं घेऊन लढली, आणि तिला जिवंत पकडणाऱ्याला अथेन्सवाल्यांनी १०,००० द्राख्मांचं बक्षीस लावलं होतं, कारण बाई आपल्यावर चालून येते हेच त्यांना सहन होत नव्हतं. ती खरी बाई होती आणि तरी तिच्यामुळे ग्रीकांचं इराणबद्दलचं मत बदललं नाही, उलट पक्कं झालं, बघा यांच्याकडे बायका पुरुष झाल्यात. एकटी अपवाद बाई नियम मोडत नाही, नियमावर शिक्का मारते.

त्यापेक्षा त्याच हेरोडोटसची दुसरी गोष्ट घे, चौथ्या खंडातली, मी वर त्याला नावं ठेवली पण माणूस गोष्ट अशी सांगतो की बस. अ‍ॅमेझॉन, म्हणजे लढवय्या बायका, काळ्या समुद्राच्या उत्तरेला सिथियन लोकांच्या मुलखात येऊन पोचतात. सिथियन तरुण त्यांच्या जवळ तळ टाकतात, हळूहळू जोड्या जमतात. आता भाषा. पुरुषांना बायकांची भाषा शिकता येत नाही, बायका पुरुषांची शिकतात (हे वाचून मला दर वेळी हसू येतं, लग्न होऊन परप्रांतात गेलेल्या कुठल्याही बाईला विचार). मग तरुण म्हणतात, चला आमच्या घरी, आईबाप आहेत, मालमत्ता आहे. आणि त्या म्हणतात, तुमच्या बायकांबरोबर आमचं जमणार नाही, आम्ही बाण मारतो, घोड्यावर बसतो, तुमच्या बायका गाड्यांत बसून बायकांची कामं करतात, शिकारीला येत नाहीत. तुम्ही आईबापांकडून आपला वाटा घेऊन या, आपण वेगळं राहू. आणि ते येतात, आणि सगळे नदीपलीकडे जाऊन राहतात. म्हणून म्हणे त्यांचे वंशज सिथियन भाषा जरा चुकीची बोलतात, कारण आयांनी ती नीट शिकलीच नव्हती. आणि त्यांच्यात म्हणे शत्रूला मारल्याशिवाय मुलीचं लग्न होत नाही, काही तशाच म्हाताऱ्या होऊन मरतात.

यात किती आहे बघ. परक्या बायका आपसांत सारख्या नाहीत. सासूशी पटणार नाही हे आधीच सांगणारी सून आहे. हिस्सा आहे. चुकीचं व्याकरण आहे, आईकडून आलेलं. आणि त्या रीतीची किंमतही आहे, लग्न न होता म्हातारी झालेली बाई. यातल्या कितपत गोष्टी घडल्या ते सोड, पण काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या जुन्या थडग्यांमध्ये बायकांच्या सांगाड्यांसोबत बाण आणि भाले सापडलेत, तेव्हा अगदीच हवेतलं नव्हतं.

आणि उर्सुला ल गुइनकडून शिक. १९६८ च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' मध्ये कार्ग लोक म्हणजे जहाजांतून येऊन गावं जाळणारे गोरे दरोडेखोर, बस. त्याच पुस्तकात एक म्हणही आहे की बाईची जादू म्हणजे कमजोर, बाईची जादू म्हणजे दुष्ट, आणि लेखिकेने ती तशीच सोडून दिली होती. पण १९७१ च्या दुसऱ्या पुस्तकात तिने कॅमेरा उचलून थेट कार्गांच्या देशात नेऊन ठेवला, देवळात वाढणाऱ्या एका मुलीच्या डोळ्यांमागे, आणि आपला नायक अर्धं पुस्तक होईपर्यंत धड येतच नाही. मग १९९० मध्ये 'तेहानू' लिहून त्या म्हणीचा हिशोब चुकता केला. बावीस वर्षं लागली तिला. तुला पुढचा ड्राफ्ट लागेल, एवढंच.

आता आपल्या बाजूबद्दल बोलते, कारण खरी लबाडी तिथे असते. तुझ्या खारदेशात गुलाम बायकांचा बाजार आहे, दोन पानं वर्णन, साखळ्या, लिलाव, सगळं. आणि सातकड्याच्या राजवाड्यात 'दासी' आहेत, ज्या हसत हसत पाणी भरतात. त्यांना पगार मिळतो का? त्या सोडून जाऊ शकतात का? त्यांच्या मुलांचा बाप कोण? आपल्याकडे पेशवाईत कुणबिणी होत्या, बटकी होत्या, म्हणजे गुलाम बायकाच, विकत घेतल्या जायच्या, त्यांच्या किमती कागदोपत्री लिहिलेल्या आहेत, आणि हे शत्रूच्या छावणीत नाही, शहाण्यासुरत्या घरांत. तेव्हा सातकड्याच्या त्या हसणाऱ्या दासीला एक नाव दे आणि ती कुठून आली ते सांग. ती खारदेशची असली तर? लढाईत धरून आणलेली? मग तुझा लिलावाचा सीन लिहायची हिंमत वेगळी लागेल.

आता एक गोष्ट जी मराठीत लगेच दिसते, आणि माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक हस्तलिखितात सापडते. आपल्या राणीला लेखक 'त्या' लिहितो, शत्रूच्या राणीला 'ती'. 'राणीसाहेब दालनात आल्या', आणि पुढच्या प्रकरणात 'सम्राज्ञी दालनात आली'. दोघींचं वय तेच, मान तोच, मुकुट तर दुसरीचाच मोठा आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे लपवता येतं, आपल्याला नाही, आपलं क्रियापद चुगली करतं. तुझ्या फाइलमध्ये मी शोधून पाहिलं, खारदेशची सम्राज्ञी पूर्ण पुस्तकात 'आली, बसली, हसली'. तिचे स्वतःचे सरदारसुद्धा तिच्याबद्दल आपसांत 'ती' म्हणतात, हे कसं चालेल? माझं म्हणणं सगळ्यांना 'त्या' कर असं नाही. सातकड्याचा माणूस तिला 'ती' म्हणेल, तिचा सरदार 'त्या' म्हणेल, तिची म्हातारी दाई 'अगं' म्हणेल, आणि निवेदक दोन्ही राण्यांना एकाच मापाने मोजेल. फुकटात मिळालेलं हत्यार आहे हे. मालवणीत चेडू, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी, 'तां चेडू', कोकणीत लहान वयाच्या मुलीला 'तें' म्हणतात, म्हणजे लिंगाची व्यवस्था भाषेभाषेत कशी सरकते ते दोन तासांच्या प्रवासावर ऐकायला मिळतं. खारदेशात पोरीला कुठल्या वयापर्यंत 'ते' म्हणतात आणि कुठल्या दिवशी 'ती' होते, त्या दिवशी घरात काय शिजतं, हे ठरवलंस तर तुला नाचणारीची गरज पडणार नाही.

शेवटी तुझाच सीन. सातकड्याचा दूत सोमा खारदेशच्या दरबारात येतो तो. तू लिहिलंयस की पडद्याआड बांगड्यांचा आवाज, सुरमा घातलेले डोळे, सम्राट द्राक्षं खातोय, कमरेची लय, सोमाने मान खाली घातली, त्याला गावाकडची साधी सोज्वळ रखमा आठवली. हे सामान कुठल्या सिरियलच्या सेटवरून आलंय ते तुलाही माहितीये आणि कुणाच्या अंगावर ते चढवायची आपल्याला सवय आहे तेही माहितीये, मी फोड करत बसत नाही. आणि बिचाऱ्या रखमाचंही तू भलं केलेलं नाहीस, ती फक्त द्राक्षांच्या विरुद्ध आहे.

दरबार काढून टाक. सोमाला एका मिठाच्या व्यापाऱ्याच्या घरी मुक्कामाला ठेव, दूताला पहिल्याच दिवशी सम्राट कुठे भेटतो. रात्रीची वेळ, ओसरीवर म्हातारी, तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ती सोमाला जेवायला वाढते आणि सहज विचारते, तुमच्याकडे नवरा गेला की घर कुणाचं होतं? सोमा सांगतो, दिराचं. आणि ती? राहते ना, सोमा म्हणतो, सांभाळतात तिला. म्हातारी काही बोलत नाही. अजून थोडा भात वाढते. आत चुलीपाशी धाकटी सून हे सगळं ऐकतेय, आणि इथे वाचकाला वाटेल की वा, खारदेश बरा. तर लगेच धाकटी सून भांडी आपटते, कारण खारदेशात किल्ल्या मोठ्या सुनेकडे जातात, धाकटीला मरेपर्यंत विचारून मीठ घ्यावं लागतं, मिठाच्या व्यापाऱ्याच्या घरात! रात्री ती सोमाला पाण्याचा तांब्या द्यायला येते आणि हळूच विचारते की तुमच्या डोंगरात धाकट्या सुनेला वेगळी चूल मांडता येते का. सोमाला खरं उत्तर माहीत नाही, कारण त्याने घरी कधी विचारलेलंच नाही. तिथे त्याला रखमा आठवू दे.

बघ, यात कुणी चांगलं नाही, कुणी वाईट नाही, आणि तरी युद्ध होणारच आहे, मिठावरून. जुलूमही आहे, दोन्हीकडे वेगवेगळ्या जागी. विष कालवणारी सम्राज्ञीसुद्धा ठेव हवी तर, मला विषाचं वावडं नाही, फक्त तिला विष कालवायला कारण दे आणि आधी तिचा एखादा सरदार तिच्याशी वाद घालू दे. खारदेशच्या बायका एकमेकींशी सातकड्याबद्दल काय बोलतात तेही एकदा येऊ दे, आमच्या डोंगरी बायकांबद्दल त्यांच्या बाजारात काय चावट गोष्टी चालतात ते. आपल्याबद्दल कुणी असं बोलतं हे वाचकाला जरा टोचलं पाहिजे.

टॉल्किनच्या १९५४ च्या 'द टू टॉवर्स' मध्ये एक जागा आहे, सॅम या नायकाच्या सोबत्यासमोर शत्रूकडचा एक सैनिक मरून पडतो, दक्षिणेकडचा, आणि सॅमला वाटतं की याचं नाव काय असेल, हा कुठून आला, हा मनाने खरंच वाईट होता की कुणी खोटं सांगून, धमकावून आणलं याला. फार सुंदर जागा. पण त्याच्या घरी कोण होतं, त्याची आई त्या संध्याकाळी काय करत होती, ते टॉल्किन सांगत नाही, त्या देशातली एकही बाई अख्ख्या पुस्तकात समोर येत नाही. तुझ्यासाठी जागा मोकळी आहे.

पूर्ण प्रकरण लगेच पाठवू नकोस, फक्त ओसरीवरचं तेवढं लिहून पाठव, हजार-बाराशे शब्द. आणि म्हातारीला नाव दे आधी.